विसरलेली वस्तू घरपोच

डेस हॅलमला आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. चौतीस वर्षं बस चालवून त्याने कुणाला साधं खरचटूही दिलं नव्हतं, ही एक. आणि सुट्टीवाल्यांना भाड्याने द्यायच्या त्यांच्या कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, अकरा वर्षांत पाहुण्यांची एकही वस्तू हरवली नव्हती, ही दुसरी. पहिल्या गोष्टीबद्दल त्याची बायको नोरीन म्हणायची, की त्यात याचं काय कौतुक, बस दिसली की शहाणे लोक आपणहून बाजूला होतात. दुसरीबद्दल मात्र ती गप्प बसायची, कारण तिच्यातलं निम्मं कौतुक तिचं स्वतःचं होतं.

कॅरव्हॅन इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, मेबलथॉर्पच्या अलीकडे, समुद्राच्या बांधाला लागून असलेल्या पार्कात होती. नावाला खाली चाकं होती, पण आणून ठेवली त्या दिवसापासून ती जागची हलली नव्हती. जी ओळ, नंबर चौदा. आत दोन चिमुकल्या झोपायच्या खोल्या, बाहेर ओढला की पलंग होणारा कोच, गॅसची शेगडी, पुढे लाकडी ओटा आणि ओट्यावर दोन खुर्च्या. समुद्र दिसत नसे, बांधाआड असे, पण ऐकू येई. जाहिरातीत नोरीनने तेवढंच लिहिलं होतं, कारण खोटं लिहिलेलं तिला चालत नसे.

पार्कच्या ऑफिसातून भाड्याने देणारेही होते, पण हॅलम मंडळी आपली आपणच द्यायची. मध्ये कुणी नाही. फोन नोरीन घ्यायची, नाव-पत्ता वहीत ती उतरवायची, कारण पार्कच्या फाटकावर पाहुण्यांची नावं पत्त्यासकट द्यावी लागत. मार्च ते ऑक्टोबर दर शनिवारी दोघं वर्कसॉपच्या घरून, वही बरोबर घेऊन, पावणेदोन तास गाडी हाकत यायची. दहाला जुने पाहुणे निघत, चारला नवे येत, आणि मधल्या वेळात नोरीन न्हाणीघर, शेगडी आणि चादरी उरकायची. डेस गॅसच्या टाक्या बघायचा, आणि मग गुडघा दुखत असूनही पोटावर पडून, बॅटरी घेऊन, प्रत्येक पलंगाखाली शिरायचा.

दाराच्या आतल्या बाजूला त्याच्याच अक्षरात पाटी होती: बूट बाहेर. चिप्स आत तळू नयेत, धुराचा भोंगा वाजतो. विसरलेली वस्तू घरपोच.

आणि ती खरंच घरपोच जायची. बार्न्सलीच्या एका आजोबांची कवळी, कानातलं यंत्र, एका पायाची सपात. एकदा तर डेस वाढदिवसाचा उरलेला केक डब्यात भरायला निघाला होता. नोरीनने त्याच्या हातातून डबा ओढून घेतला.

"अरे, ते तो विसरले नाहीत, टाकून दिलाय."

"तुला काय माहीत?"

"मी चाखलाय."

प्रत्येक पुडक्यात डेस एक कार्ड घालायचा. त्याने ती मुद्दाम छापून घेतली होती. एका बाजूला कॅरव्हॅनचा फोटो, खाली पार्कचं नाव, ओळ, नंबर. दुसऱ्या बाजूला तो दोन ओळी स्वतः लिहायचा. कवळीबरोबर त्याने लिहिलं होतं, 'तुमच्यावाचून ही हसेनाशी झाली.' त्या आजोबांनी तेव्हापासून दर नाताळात भेटकार्ड पाठवलं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी कर्स्टी आली.

शाळा उघडल्या की गर्दी ओसरते आणि फोन थंडावतात, म्हणून नोरीनने आठवडा कमी भाड्यात दिला होता. पोरगी जेमतेम सव्वीस-सत्तावीसची. बरोबर चार वर्षांची मुलगी, डार्सी. आल्या त्या बसने. सुट्टीवर येणारे लोक बॅगा आणतात, बादल्या-फावडी आणतात. या दोघींकडे कपड्यांनी भरलेल्या दोन काळ्या पिशव्या होत्या, कचऱ्याला वापरतात तसल्या. फाटकावर ओळखपत्र मागितलं तेव्हा कर्स्टीने घाबरून लायसन्स पुढे केलं आणि नोरीनने त्यावरचा मॅन्सफिल्डचा पत्ता वहीत उतरवून घेतला. डार्सीच्या काखेत लोकरीने विणलेलं एक राखाडी गाढव होतं. त्याचा एक कान चघळून चघळून दोऱ्याएवढा झाला होता.

"नाव काय गं याचं?" डेसने वाकून विचारलं.

"गाढव," डार्सी म्हणाली.

"बरोबर. ओळख करून द्यायची गरजच नाही."

"आमच्याकडे पण एक आहे," नोरीन म्हणाली. "तुझ्याशी बोलतंय तेच."

डार्सी हसली, पण हसण्याआधी तिने आईकडे पाहिलं, हसलं तर चालेल ना म्हणून. ते नोरीनच्या नजरेतून सुटलं नाही. शाळेच्या खानावळीत तिने बावीस वर्षं पोरांना वाढलं होतं. असं बघून हसणारी पोरं तिने पाहिली होती.

मंगळवारी कर्स्टीचा फोन आला, आणखी दोन आठवडे राहता येईल का. नोरीन म्हणाली, शनिवारपासून बॅगशॉ नवरा-बायको येतात, दरवर्षीची माणसं, त्यांना कसं नाही म्हणू? कर्स्टी 'बरं' म्हणाली, इतक्या बारीक आवाजात, की नोरीनला ते रात्रभर ऐकू येत राहिलं. बुधवारी डेसला गुडघ्यासाठी दवाखान्यात सोडून तिने गाडी काढली आणि 'बहिणीकडे जाते' असं सांगून ती थेट किनाऱ्यावर आली.

कर्स्टीने चहा केला. कपबशी ठेवताना बाही वर सरकली आणि नोरीनला दंड दिसला. पिवळे पडत आलेले डाग होते, चार बोटांचे.

"नवरा?"

"लग्न नाही झालेलं. डॅरन त्याचं नाव." कर्स्टी हळू बोलत होती, आतल्या खोलीत डार्सी झोपली होती. "बायकांच्या निवाऱ्यात नाव घातलंय. जागा व्हायला पंधरा-वीस दिवस लागतील म्हणाले. तोवर कुठेतरी काढायचे आहेत."

"पोलिसांत गेलीस?"

"दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी त्याला सोडलं आणि तो माझ्याआधी घरी पोचला." तिने बाही खाली ओढली. "मागच्या वेळी मी भावाकडे होते. भाऊ चांगला आहे हो माझा. पण कुणाशी तरी बोलता बोलता बोलून गेला. म्हणून सांगते, कुणालाही नको. तुमच्या मिस्टरांनाही नको."

"डेस? तो माशीही मारत नाही."

"भाऊही मारत नाही."

आता डेसबद्दल एक गोष्ट खरी होती, की त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. वाईट मनाने नव्हे, पण चौतीस वर्षं चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाशी बोलायची सवय. क्लबात दोन ग्लास झाले की घरात काय शिजलं तेसुद्धा वर्कसॉपला कळायचं. नोरीनने कर्स्टीचा हात हातात घेतला आणि शब्द दिला. कुणालाही नाही. डेसलाही नाही.

तिला त्या क्षणी आणखीही काहीतरी वाटलं, आणि ते पुढे तिला फार लागलं. तिला बरं वाटलं. आयुष्यभर लोक डेसला हाक मारत आले, डेसशी हसत आले. या मुलीने विश्वास टाकला तो तिच्यावर.

पुढच्या ओळीतली बेरिल मार्चपासून पार्कातच मुक्काम टाकून असायची. तिच्या बहिणीची कॅरव्हॅन शेजारीच, हिरव्या पायऱ्यांची, यंदा रिकामी पडली होती. नोरीनने तिला जाऊन सांगितलं, की मैत्रिणीची भाची आहे, पंधरा दिवस राहू दे. बेरिलने डोळे बारीक केले, पण विचारलं काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी कर्स्टी आणि डार्सी दोन काळ्या पिशव्या उचलून जी-चौदातून तिकडे गेल्या.

त्या बुधवारी घरी परतल्यावरच नोरीनला वहीची आठवण झाली होती. मॅन्सफिल्डचा, म्हणजे डॅरनच्या घराचा, पत्ता तिच्याच अक्षरात तिथे बसला होता. खोडावा का? पण वही डेसही बघायचा, आणि खाडाखोड दिसली की विचारल्याशिवाय राहिला नसता. पत्ता वहीत आहे, वही स्वयंपाकघराच्या खणात आहे, बिघडलं कुठे? तिने खण लावून टाकला.

शनिवारी दोघं आली तेव्हा कॅरव्हॅन रिकामी होती, ओटासुद्धा झाडलेला होता.

"गेल्या वाटतं," डेस म्हणाला.

"गेल्या," नोरीन म्हणाली. खोटं नव्हतं ते.

तिने न्हाणीघर उरकलं, चादरी बदलल्या, आणि 'बेरिलकडे चहा घेऊन येते' म्हणून निघाली. तिच्या पिशवीत दूध, पाव, सॉसेज आणि डार्सीसाठी रंगाच्या कांड्या होत्या. हिरव्या पायऱ्यांच्या आत डार्सी रडून रडून लाल झाली होती.

"गाढव सापडत नाही," कर्स्टी म्हणाली. "रात्रभर झोपली नाही. तुमच्याकडेच राहिलं असेल."

"मग जातंय कुठे. सापडेल, आणून देते," नोरीन म्हणाली आणि डार्सीचं नाक पुसलं. "ते फिरायला गेलंय, राणी. किनाऱ्यावरच्या गाढवांना भेटायला."

ती परत आली तेव्हा डेस तिथे नव्हता. तिने कोच उचकला, पलंगांखाली पाहिलं, गाद्या उलथ्या केल्या. गाढव नव्हतं. एवढ्यात डेस गाडीतून उतरला, घामाघूम, खुशीत. तो काही सांगायला तोंड उघडतोय तोच तिने त्याला फैलावर घेतलं: पाऊण वाजला, टाकी बदललेली नाही, बॅगशॉ मंडळी दोनलाच टपकतात, आणि हा गावभर हिंडतोय. डेस सांगायचं ते विसरून टाकीकडे पळाला.

तेव्हा ती फक्त विचारती, 'अरे, ते गाढव दिसलं का?' तरी झालं असतं. पण दोघी घरी गेल्या असतील तर हिला गाढवाची चौकशी कशाला? कुणी सांगितलं हिला, की गाढव हरवलंय? प्रश्न अगदी ओठांवर आला आणि तिने तो गिळला. रविवारी तिने आयरीन बॅगशॉला फोन करून कॅरव्हॅनमध्ये बघायला लावलं. नाही सापडलं. सोमवारी कर्स्टीला फोनवर सांगितलं, की नाही गं, कुठेच नाही, मी दुसरं विणून देते. दुपारी जाऊन तिने राखाडी लोकर आणलीसुद्धा.

मंगळवारी सकाळी डेस टोस्टला लोणी लावत होता. नोरीन सुया घेऊन बसली होती.

"काय विणतेस?"

"काही नाही. एक खेळणं."

"त्यावरून आठवलं," तो म्हणाला आणि हसला. "आत्तापर्यंत गाढव घरी पोचलं असेल."

"कुठलं गाढव?"

"अगं, त्या छोटीचं. कोचाच्या फळ्यांमध्ये पार आत अडकलं होतं, शेपूट तेवढं दिसत होतं. म्हटलं, पोर आज झोपणार कशी? गावातलं टपालघर साडेबाराला बंद होतं, गाडी पळवतच गेलो. गाडीतल्या वहीतला पत्ता बघितला आणि लगोलग धाडलं. काल मिळालं असणार."

नोरीनच्या हातातून सुई पडली. तिला माहीत होतं, तरी तिने विचारलं.

"कार्ड घातलंस?"

"कार्डाशिवाय पाठवतो का मी कधी?"

मग तिचा बांध फुटला. ती ओरडली. मूर्ख माणसा, कुणी सांगितलं होतं तुला, विचारायला जीभ झडली होती का, जन्मभर जिथेतिथे नाक खुपसायचं, सगळ्यांना खूश करायचं. तिने त्याला नाही नाही ते ऐकवलं. डेस हातात सुरी घेऊन नुसता बघत राहिला, कारण त्याला काहीच कळत नव्हतं. त्याला कळेल असं सांगायला तिला आणखी वेळ लागला. स्वयंपाकघरातल्या घड्याळात सव्वाआठ वाजले होते. ती वेळ तिला लक्षात राहिली, कारण ओरडताना ती घड्याळाकडेच बघत होती.

कर्स्टीचा फोन बंद. बेरिलचा वाजत राहिला. बेरिल मंगळवारी सकाळी पोहायला जाते, हे तिला मागाहून आठवलं. मग पोलीस. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती, त्या माणसाचं पूर्ण नाव काय, गाडी कोणती, तो तिथे आलाय हे तुम्हाला कशावरून कळलं. नोरीनला यातलं एकही माहीत नव्हतं. तिला फक्त पार्क, ओळ आणि हिरव्या पायऱ्या माहीत होत्या. तेवढं ती तीनदा सांगत राहिली.

गाडी डेसने चालवली. वाट चुकला कुठेच नाही. लिंकन शहराच्या पुढे गेल्यावर तो पहिल्यांदा बोलला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"शब्द दिला होता."

"मला?" तो म्हणाला. "मला सांगायचं नाही, असा?"

उत्तर होतं, पण ते या माणसाच्या तोंडावर फेकण्यासारखं नव्हतं.

फाटकातून आत शिरल्यावरच कळलं. पोलिसांच्या तीन गाड्या, ॲम्ब्युलन्स, आणि मधल्या गवतावर, जिथे पोरं चेंडू खेळतात, तिथे इस्पितळाचं हेलिकॉप्टर. ते त्यांच्यासमोरच वर उठलं. लोक आपापल्या ओट्यांवर हाताची घडी घालून उभे होते. हिरव्या पायऱ्यांभोवती पट्टी बांधलेली होती. जी-चौदाच्या ओट्यावर सिड बॅगशॉ पायजम्यातच बसला होता, आणि नोरीनला बघताच उठून उभा राहिला. सत्तर वर्षांचा माणूस लहान पोरासारखा सांगू लागला.

"आमच्याच दारावर आला आधी. सव्वाआठ असतील. चांगला बोलत होता, नोरीन. दाढी केलेली, शर्ट नीट. हातात ते गाढव. म्हणाला, ही छोटीची वस्तू द्यायला आलोय, त्या याच कॅरव्हॅनमध्ये आहेत ना? मी म्हटलं, नाही बुवा, इथे आम्ही. पण लहान मुलगी त्या हिरव्या पायऱ्यांवर खेळताना दिसते रोज." त्याचा आवाज चिरकला. "गाढव होतं त्याच्या हातात. तू शोधायला सांगितलं होतंस ना आयरीनला, तेच. मला वाटलं, सापडलं एकदाचं. मी काय समजायचं होतं?"

नोरीनने त्याला बसवलं. याला दोष देणार तरी कसा? कुणीही सांगितलं असतं. पार्कात लोक असेच असतात, विचारलं की बोट दाखवतात, आणि तिने स्वतः अकरा वर्षं हजार वेळा असंच बोट दाखवलं होतं.

डॅरन पळाला नव्हता. पोलीस आले तेव्हा तो हिरव्या पायऱ्यांवरच बसला होता. सिडने हे सांगितलं आणि पुढचं सांगायचं टाळलं.

डार्सी आत आयरीनजवळ होती, पांघरुणात गुंडाळलेली. एक पोलीस बाई शेजारी बसली होती. पोरीला ओरखडाही नव्हता. नोरीन गुडघ्यांवर बसली.

"नोरीन आंटी," डार्सी म्हणाली, "गाढव आलं होतं."

"हो, राणी."

"खिडकीत आलं. असं असं करत होतं." तिने पांघरुणातून हात काढून हलवून दाखवला. "मम्मी आंघोळ करत होती. मीच दार उघडलं."

पोलीस बाईने खाली बघितलं. आयरीन उठून खिडकीकडे गेली. नोरीनला वाटलं, की आपण आता काहीतरी बोललं पाहिजे, या पोरीने ते वाक्य पुन्हा कधीही म्हणू नये असं काहीतरी, पण जगात तसं वाक्य असेल तर ते तिला येत नव्हतं. "शहाणी माझी," एवढंच तिच्या तोंडून आलं.

कर्स्टीने त्याच दिवशी दुपारी हलच्या इस्पितळात प्राण सोडला.

खटला फेब्रुवारीत उभा राहिला. डॅरनला जन्मठेप झाली, आणि हे सगळं ऐकायला वर्कसॉपमधला निम्मा क्लब टपलेलाच होता, पण डेस तेव्हापासून क्लबात गेला नाही. साक्षीसाठी त्याला पिंजऱ्यात उभं केलं. वकिलाने प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड पुढे केलं आणि विचारलं, अक्षर तुमचंच का? डेस म्हणाला, हो. मग वाचून दाखवा. चष्मा लावून त्याने वाचलं:

"'डार्सीला सांगा, गाढवाने एकट्याने प्रवास केला आणि ते अजिबात रडलं नाही. पुन्हा या. जी-चौदा तुमची वाट बघते आहे.'"

त्याने चष्मा काढला, आणि बाहेर येईपर्यंत तो हातातच धरून ठेवला. बाहेर नोरीन बाकावर बसली होती.

"दोष तुझा नाही," ती म्हणाली. हे ती सप्टेंबरपासून रोज म्हणत होती.

"मग कुणाचा?"

"त्याचा. त्या राक्षसाचा."

"ते झालंच," डेस म्हणाला. "पण तू मला त्या बुधवारी एक शब्द सांगितला असतास ना, नोरीन, तर मी जीभ कापून ठेवली असती." त्याने हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर तिला सोसलं असतं. तिने शब्द पाळला होता, आणि तो पाळला म्हणूनच हे झालं होतं, आणि हे दोघांनाही आता मरेपर्यंत माहीत राहणार होतं.

मार्चमध्ये पार्क उघडलं. त्यांनी जाहिरात दिली नाही. डेसने एकदाच जाऊन दारामागची पाटी उखडली. आयरीनने दरवर्षीप्रमाणे सप्टेंबरचा आठवडा मागायला फोन केला नाही. तिनेही केला नाही आणि यांनीही केला नाही.

मेमध्ये ती पोलीस बाई घरी आली. बसली, चहा घेतला, आणि मग हलकेच विषय काढला. पुराव्यातल्या वस्तू आता मोकळ्या झाल्या आहेत. गाढव नियमाने मुलीचं, म्हणून तिच्या मावशीला विचारलं. मुलगी आता त्या मावशीकडे असते.

"मावशी म्हणाली, नको. ते घरात आलं तर तिच्याच्याने बघवणार नाही. आणि मुलगी..." तिने कप बाजूला सरकवला. "मुलीला विचारलं होतं. तिने काही उत्तर दिलं नाही. उठून गेली आणि दाराची कडी लागली आहे का ते बघून आली."

नोरीनने तोंडावर हात ठेवला.

"कुठे असते ती?" डेसने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही, मिस्टर हॅलम. कुणालाच सांगत नाहीत."

"बरोबर आहे," डेस घाईघाईने म्हणाला. "बरोबर आहे. सांगूच नका. आम्हाला तर मुळीच नको."

"नको असेल तर आम्ही त्याची विल्हेवाट लावतो. तेवढं विचारायला आले."

"जाळणार?"

बाईने बरोबर आणलेल्या पिशवीवर हात ठेवला.

"द्या इकडे," डेस म्हणाला.

बाई गेल्यावर गाढव कितीतरी वेळ टेबलावर तसंच पडून होतं. राखाडी, एका कानाचं, पोटाला डाग, पायाला कोर्टाच्या चिठ्ठीचा दोरा. डेसने आधी तो दोरा कात्रीने कापला. मग उठून त्याने खणातून तपकिरी कागद काढला, सुतळी काढली, चिकटपट्टी काढली. नोरीन बघत राहिली. त्याने गाढवाचे पाय नीट पोटाशी दुमडले, कागदाच्या कडा बोटाने दाबून दाबून घडी घातली, सुतळीची गाठ मारली. अकरा वर्षं जशी बांधायचा तशीच. पुडकं उलटं करून त्याने समोर ठेवलं आणि पेन उघडलं.

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका पसरू लागला.

"डेस," नोरीन म्हणाली.

"ती मोठी होईल ना गं कधीतरी," तो म्हणाला. "तेव्हा मागेल कदाचित."

नोरीनने त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि त्याला टोपण लावलं. मग तिने खण उघडला, जुनी वही बाजूला केली, आणि पत्ता नसलेलं ते पुडकं आत ठेवलं.